पंधरा म्हणजे पंधराच : गोरिला पाहायला सहली नेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून युगांडा-रवांडाला पर्यटक घेऊन येणारे सर्व सहल-आयोजक

स. न. वि. वि.

मी गेली बारा वर्षं युगांडात, कंपालात राहते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई ते एंटेबे थेट विमान सुरू झालं आणि तेव्हापासून माझ्या घरी फोन वाढले. ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे. मे महिन्याच्या सुट्टीत गोरिला बघायला यायचंय, हॉटेल कुठलं घेऊ, पिवळ्या तापाची लस कुठे घ्यायची, जेवणाचं काय. या सगळ्याची उत्तरं मी आनंदाने देते. पण फोन ठेवता ठेवता आवाज थोडा खाली जातो आणि एक प्रश्न येतो : "मुलगा तेरा वर्षांचा आहे. पण उंच आहे हो, सोळाचा वाटतो. काही करता येईल का?"

गोरिलांच्या ट्रेकला पंधरा वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. त्यात काही करता येत नाही. करूही नये. आणि हा प्रश्न त्या आईबापांच्या डोक्यात येतो याला बऱ्याच अंशी आपण जबाबदार आहात, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे, त्यांना नाही.

गेल्या मे महिन्यात माझा दादा, वहिनी आणि भाचा पुण्याहून एका ग्रुपबरोबर आले. आयोजकांचं नाव मी इथे लिहिणार नाही. भाचा तेव्हा साडेतेरा वर्षांचा होता. पैसे भरताना दादाने वयाचं विचारलं, तर उत्तर मिळालं, "अट कागदावर आहे, तिथे चालतं. आम्ही मॅनेज करतो." परमिटच्या अर्जावर मुलाचं जन्मसाल दोन वर्षांनी मागे नेलेलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. मी कंपालाहून त्यांच्यासोबत गेले. मबरारा, कबाले करत नऊ-दहा तासांचा रस्ता, शेवटचा तुकडा पूर्ण घाटाचा आणि त्यात पाऊस. वाटेत भाचा गोरिलांबद्दलच बोलत होता. चंदेरी पाठीचा नर किती किलोचा असतो, रोज किती पाला खातो, छातीवर कसा हात मारतो. घरून एक वही भरून टिपणं काढून आणली होती त्याने.

सकाळी आठच्या आधी बुहोमाला ब्विंडी अभयारण्याच्या कचेरीपाशी सगळे जमले. रेंजरताई एकेकाचा पासपोर्ट घेऊन नाव ताडून पाहत होत्या. भाच्याचा पासपोर्ट त्यांनी उघडला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्टकडे पाहिलं आणि त्यालाच विचारलं, अगदी हळू आवाजात, "तुझं वय काय?"

त्याने बापाकडे पाहिलं. आदल्या रात्री दादाने त्याला सांगून ठेवलं होतं, "विचारलं तर पंधरा सांग." तो "फिफ्टीन" म्हणाला. पासपोर्ट तर त्यांच्या हातातच होता. त्या रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पासपोर्ट मिटून त्याच्या हातात दिला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, पंधराचा झालास की ये, गोरिला इथेच असतील.

वहिनी त्याच्याबरोबर मागे राहिली. म्हणजे दोन परमिटं वाया गेली. परदेशी पर्यटकाला युगांडात एक परमिट ८०० डॉलरला पडतं, म्हणजे जवळपास ७० हजार रुपये. ते परत मिळाले नाहीत. पण पैशाचं मी एकदाच लिहिते आणि सोडून देते. मीही त्या दिवशी जंगलात गेले नाही. आम्ही तिघं रस्त्याकडेच्या टपरीवर रोलेक्स खात बसलो. रोलेक्स म्हणजे चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, युगांडाचा वडापाव म्हणा. भाच्याने दोन घास खाल्ले आणि मला म्हणाला, "आत्या, मी नीट सांगितलं नाही म्हणून नाही सोडलं का?"

त्याला वाटत होतं की खोटं बोलायला आपण कमी पडलो. तेरा वर्षांच्या मुलाच्या मनात हे कुणी घातलं? माझ्या दादाने घातलं, ते मी त्याला तोंडावर सांगितलं आहे. पण दादाच्या तोंडी ते आपल्यातल्या एकाने घातलं होतं.

आता नियमाकडे येते. तो काही कुणा एका रेंजरच्या मर्जीचा नाही. डोंगरी गोरिला जगात तीनच देशांत उरलेत : युगांडा, रवांडा आणि काँगो. तिन्ही देशांत ट्रेकिंगसाठी किमान वय पंधरा आहे. रवांडात परमिट १५०० डॉलरचं आहे, तरी पैसे जास्त दिले म्हणून तिथे वय कमी होत नाही. युगांडातल्या मुलांनाही हाच नियम लागू आहे. ज्या गावाच्या शेतामागे गोरिलांचं जंगल सुरू होतं, त्या गावातल्या बारा वर्षांच्या मुलालाही ट्रेकला सोडत नाहीत. आपण सातासमुद्रापारहून येऊन सूट मागतो तेव्हा ती त्या मुलाच्याही पुढे जाऊन मागतो, हे लक्षात असू द्या.

बरेच आयोजक सांगतात की वयाची अट मुलांच्या सुरक्षेसाठी आहे. चढ अवघड, चिखल, काटेरी खाजकुयलीसारखी झाडं, कधी दोन तास तर कधी सहा तास चालणं. हे खरंच आहे. शिवाय मोठा नर अंगावर धावून आल्याचा आव आणतो तेव्हा जागच्या जागी खाली बसायचं असतं, त्याच्या डोळ्यांत पाहायचं नसतं आणि पळायचं तर अजिबात नसतं. लहान मूल पळणारच. पण हे अर्धंच कारण आहे, आणि हेच सांगितलं की आईबाप म्हणतात, "आमचा राजगड चढलाय, सिंहगड तर दर रविवारी चढतो." मग अट अन्यायाची वाटू लागते. दुसरं कारण आपण सांगत नाही. हा नियम मुलाला गोरिलापासून वाचवतो त्याहून जास्त गोरिलाला मुलापासून वाचवतो.

२००९ साली रवांडात हिर्वा नावाच्या गोरिला कुटुंबात श्वसनाची साथ आली. बारापैकी अकरा जण आजारी पडले. एक मोठी मादी आणि एक तान्हं पिल्लू दगावलं. दोघांच्या शरीरात सापडलेला विषाणू होता ह्यूमन मेटान्यूमोव्हायरस. हे नाव आपल्याला नवं नाही. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही म्हणून आपल्याकडच्या सगळ्या बातम्यांमध्ये हेच होतं, आणि डॉक्टर सांगत होते की घाबरू नका, लहान मुलांना होणारी ही नेहमीची सर्दी आहे. आपल्या पोरांची नेहमीची सर्दी. नाक पुसून शाळेत पाठवतो ती. डोंगरी गोरिलाच्या शरीराला तिची ओळख नाही.

तो विषाणू तिथवर कुणाकडून गेला हे सिद्ध झालं नाही, आणि मी कुणा पर्यटकाचं नाव त्याला लावत नाही. पण अशी घटना एकच नाही. २०१३ मध्ये युगांडातल्याच किबाले अभयारण्यात कान्यावारा भागातल्या ५६ चिंपांझींपैकी ५ मेले, राइनोव्हायरस सी या माणसांच्या सर्दीच्या विषाणूने. तोही मुलांमध्ये जास्त आढळणारा. त्याआधी १९९६ मध्ये ब्विंडीत गोरिलांना खरूज झाली. केस गळले, अंग सोलवटलं, एक पिल्लू मेलं. त्या वेळी डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका युगांडाच्या वन्यजीव खात्यात पशुवैद्य म्हणून नव्यानेच रुजू झाल्या होत्या. त्यांनी उपचार केले आणि बाकीचे वाचले. गोरिला शेतात उतरतात, बुजगावण्याला घातलेले माणसांचे जुने कपडे हाताळतात, त्यातून ती खरूज गेली असावी असा निष्कर्ष निघाला. नुसत्या कपड्यातून! पुढे २००३ मध्ये त्यांनी एक संस्था काढली, ती गोरिलांचं आरोग्य आणि आसपासच्या गावकऱ्यांचं आरोग्य एकत्र सांभाळते. गोरिला निरोगी हवा तर शेजारच्या घरातलं मूल निरोगी हवं, हे त्यांच्या कामाचं सूत्र मला फार पटतं.

आणि एक पिल्लू जाणं म्हणजे किती मोठं नुकसान, तेही पाहा. गोरिलाची मादी साधारण दहाव्या वर्षी पहिल्यांदा विते आणि दोन पिल्लांत सुमारे चार वर्षांचं अंतर असतं. २०१८ पर्यंतच्या गणनेत जगातले सगळे डोंगरी गोरिला १०६३ भरले. विरुंगाच्या ज्वालामुखी पर्वतांत ६०४ आणि ब्विंडी परिसरात ४५९. आपल्या एखाद्या मध्यम शाळेत याहून जास्त मुलं असतात. प्राणिसंग्रहालयात ते जगत नाहीत. म्हैसूरला आपण जे गोरिला पाहतो ते पश्चिमेकडच्या सखल जंगलातली वेगळी जात. डोंगरी गोरिलांची दुसरीकडे कुठेही राखीव शिल्लक नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट लिहिते, कारण ती सहसा कुणी बोलत नाही.

माझी मुलगी इथेच वाढली. नऊ वर्षांची असल्यापासून मागे लागली होती. आम्ही थांबलो. पंधरावा वाढदिवस झाल्यावर तीन आठवड्यांनी आम्ही ब्विंडीतल्याच रुशागाला गेलो. दोन तास चाललो. पुढे पांगा, म्हणजे लांब कोयता, घेऊन वाट कापणारा माणूस, मागे रेंजर, आम्ही आठ पर्यटक. एका कुटुंबाला दिवसात आठच माणसं भेटतात आणि तीही तासभरच. गोरिला जवळ आले तसे सगळ्यांनी मास्क चढवले. रेंजरने घशातून तो खोल, खाकरल्यासारखा आवाज काढला, आम्ही आलोय, घाबरू नका असं सांगणारा, आणि पलीकडून तसाच आवाज उत्तराला आला. माझ्या अंगावर काटा आला तो आत्ता लिहितानाही येतोय.

नियम आहे दहा मीटर अंतराचा. कोविडच्या आधी सात होता. आम्ही प्रामाणिकपणे उभे राहिलो. पण जंगल इतकं दाट की दहा मीटरवरून पाल्याशिवाय काही दिसेना, मग थोडं पुढे, मग आणखी थोडं. तेवढ्यात वर्षभराचं एक पिल्लू वेलीवरून घसरत खाली आलं आणि सरळ आमच्याकडे चालू लागलं. रेंजर आम्हाला मागे ढकलतोय, मागे उतार आहे, पाय घसरतोय, आणि ते पिल्लू तीन मीटरवर येऊन बसलं. माझ्या मुलीने माझा हात इतका घट्ट धरला की वळ उठला. श्वाससुद्धा रोखून उभी होती ती. मग त्याची आई आली, त्याला एका हाताने उचललं आणि निघून गेली.

तीन मीटर. आणि यात आमचा, रेंजरचा, कुणाचाच दोष नव्हता. ब्विंडीत झालेल्या एका अभ्यासात दिसलं की सात मीटरचा नियम जवळजवळ प्रत्येक भेटीत मोडला जातो. कधी माणसं पुढे सरकतात, कधी गोरिला. आत गेल्यावर अंतर राखणं कुणाच्याच हातात पुरतं राहत नाही. आणि अगदी जवळ येतात ती पिल्लंच, कारण त्यांना कुतूहल असतं. समोर लहान मूल असेल तर ते मूलही पुढे झुकेल, कारण त्यालाही कुतूहल असतं. मास्क खाली सरकलेला असेल. शिंक सांगून येत नाही.

म्हणून वयाचा नियम इतका मोलाचा आहे. अंतर, मास्क, खोकताना पाठ फिरवणं, हे सगळे नियम जंगलाच्या आत पाळायचे आहेत, आणि तिथे ते निसटतात. वयाचा नियम मात्र दारात तपासता येतो. पासपोर्ट उघडला, तारीख पाहिली, झालं. वाद नाही, अंदाज नाही. सगळ्या नियमांतला हा एकच नियम शंभर टक्के पाळता येण्यासारखा आहे, आणि आपण नेमका तोच "मॅनेज" करायला निघालो आहोत.

चौदा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलात आणि पंधराच्या मुलात एका रात्रीत काय बदलतं, असं मला विचारतात. काहीच बदलत नाही, मान्य. पण सकाळी आठ वाजता चाळीस-पन्नास पर्यटकांसमोर उभ्या असलेल्या रेंजरला प्रत्येक मुलाची समज आणि नाक तपासत बसता येणार नाही. तिला एक तारीख हवी. मोठ्या माणसांनाही सर्दी होते, मग आम्हाला कसं सोडतात, हाही प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. आजारी दिसणाऱ्या मोठ्या माणसालाही रेंजर परत पाठवू शकतात. इथे मला आपल्याला आणखी एक सांगायचंय. ट्रेकच्या सकाळी ताप उतरवायची आणि नाक वाहणं थांबवायची गोळी घेऊन तयार होणारे पर्यटक मी पाहिलेत. ग्रुपसोबतच्या मॅनेजरनेच त्या गोळ्या वाटल्याचंही पाहिलंय. गोळीने शिंक थांबते, विषाणू थांबत नाही. कृपा करून हे करू नका. ज्याला खरंच बरं नाही त्याला हॉटेलवर राहू द्या, आणि तशी वेळ येऊ शकते हे पैसे घेतानाच सांगून ठेवा.

मग लहान मुलं असलेल्या कुटुंबांनी इथे यायचंच नाही का? यायचं ना! मर्चिसन फॉल्सला नाईल नदी दगडाच्या अरुंद फटीतून कोसळते ती पाहायला वयाची अट नाही. होडीतून पाणघोडे आणि मगरी दिसतात. क्वीन एलिझाबेथ अभयारण्यात गाडीतून हत्ती आणि सिंह दिसतात, ताडोबाला जिप्सीतून फिरतो तसंच. कायाब्वेला विषुववृत्तावर एक पाय उत्तरेला आणि एक दक्षिणेला ठेवून फोटो काढताना माझी मुलगी सहा वर्षांची होती, तो फोटो अजून फ्रिजवर आहे. रवांडात किनिगीला गोरिलांच्या अभ्यासक डायन फॉसी यांच्या नावाच्या गोरिला संस्थेचं नवं संकुल २०२२ मध्ये उघडलं. तिथलं प्रदर्शन मुलांनी तासन्‌तास बघावं असं आहे, आणि माझ्या भाच्यासारख्या वही भरून आणणाऱ्या मुलाला तर तिथून ओढून आणावं लागेल. आईबाबांना ट्रेक करायचाच असेल तर एकाने आज जावं, दुसऱ्याने उद्या. मूल एका पालकासोबत गावात फिरेल, चहाचे मळे बघेल. अशी सहल आखायला आपल्याला थोडे कष्ट पडतील. एक मुक्काम वाढेल, खर्चही वाढेल. पण मुलाला दारात उभं राहावं लागणार नाही.

आपल्याकडून मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते. जाहिरातीत गोरिलाचा फोटो जिथे छापता तिथेच, तेवढ्याच ठळक अक्षरात "ट्रेकच्या दिवशी वय पंधरा पूर्ण हवे" असं छापा. मागच्या पानावरच्या बारीक अटींमध्ये नको. आगाऊ रक्कम घेण्याआधी प्रत्येक प्रवाशाची जन्मतारीख विचारा आणि पासपोर्टवर जी आहे तीच परमिटच्या अर्जात लिहा. कुणी पालक गळ घालू लागले तर त्यांना हिर्वा कुटुंबाची गोष्ट सांगा. माझा अनुभव आहे की ती ऐकल्यावर लोक वाद घालत नाहीत. खरं कारण कळलं की मुलंसुद्धा समजून घेतात, मोठ्यांपेक्षा लवकर घेतात. टपरीवर मी भाच्याला ते सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "म्हणजे मला सर्दी नसली तरी माझ्यात तो विषाणू असू शकतो?" हो म्हटलं. मग त्याने राहिलेला रोलेक्स संपवला.

येत्या दिवाळीत तो पंधरा पूर्ण करतो. जानेवारीत, पावसाचे महिने सरल्यावर, तो पुन्हा येतोय. या वेळी दादाने परमिटचा अर्ज त्यालाच भरायला दिला. जन्मतारखेचा रकाना भरून झाल्यावर त्याने मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आत्या, एकदा पासपोर्टशी ताडून बघ."

कळावे,
आपली,
कंपालात राहणारी एक मराठी आई